नोकरीच्या शोधात : आधी विचारा, मग पाऊल टाका

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आताच गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे वाटण्यात आली. टाळ्या झाल्या, मुलांचे चेहरे फुलले. पण या खुर्चीवर बसून मी मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांकडेच जास्त पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि त्या अभिमानाच्या मागे एक प्रश्नही होता. मुलगा पास झाला, मुलगी पहिली आली, फार चांगले झाले. आता पुढे काय? आज मला बोलायचे आहे ते याच प्रश्नावर.

मी काही विद्वान वक्ता नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षे जोडारीचे काम शिकवले. कानस कशी धरावी हे मला सांगता येते, भाषण कसे करावे हे तितकेसे येत नाही. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी मी एका वर्गखोलीत बसतो आणि नोकरीच्या शोधात असलेल्या मुलामुलींशी बोलतो. या बोलण्याला पुस्तकी नाव व्यवसाय मार्गदर्शन. माझ्या लेखी ते आधी विचारण्याचे आणि आधी तपासण्याचे काम आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये दोन प्रकारची माणसे असतात. काहींना वाटते, हा ज्योतिषी आहे. पुढील दहा वर्षांत कोणत्या धंद्याला तेजी येईल ते हा सांगेल. काहींना वाटते, याचा कुठेतरी वशिला असेल. हा चिठ्ठी देईल आणि नोकरी लागेल. दोघेही निराश होऊन जातात, कारण माझ्याजवळ यापैकी काहीच नाही. मार्गदर्शकाजवळ नोकऱ्यांची पेटी नसते. तो फार तर वाटाड्या असतो. चालायचे आपणच, पण कोणती वाट दरीत उतरते हे माहीत असलेला माणूस सोबत असला तर पाय वाचतात.

पण ही गोष्ट आपल्या पनवेलकरांइतकी दुसऱ्या कोणाला पटावी? आपल्या गावाने रोजगार येताना आणि जाताना अनेकदा पाहिला आहे.

एके काळी पनवेल हे बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. जुन्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, घाटावरचा माल पनवेलच्या बंदरात उतरू लागला, आणि देशावरून आलेला गाडीवान परत जाताना येथील चाकांची जोडी घेऊन जाई. सुतार, लोहार, हमाल, तांडेल, अनेकांची चूल त्या रस्त्यावर पेटत होती. मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली. ती कल्याण-कर्जतवरून गेली आणि पनवेल बाजूला राहिले. पुढे मोटारी आल्या, ट्रक आले. आज चाकाचा तो सुतार शोधूनही सापडणार नाही. त्याच्या हातात कसब नव्हते काय? उत्तम होते. पण रस्ताच बदलला.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि रसायनीला तिचा कारखाना उभा राहिला. तेथे चिकटला त्याचा जन्म सुखाचा गेला, असे आपण म्हणत होतो. लग्नाच्या बोलणीत 'मुलगा रसायनीला आहे' एवढे पुरे होते. २०१७ साली केंद्र सरकारने रसायनीचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. सरकारी कंपनी म्हणजे कायमची भाकरी, हा समज त्या दिवशी मोडला.

आणि तिसरे उदाहरण आजचे. १९७० साली सिडको आली, १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हावाशेव्याकडे येणारा अटल सेतू खुला झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या दारातील विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी, एवढी त्याची क्षमता. आता घरोघर एकच भाषा ऐकू येते, 'विमानतळावर लावून द्या.' विमानतळाच्या कामाची आशा धरण्यात गैर काही नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की विमानतळावर म्हणजे नेमके कोठे? कोणत्या कामाला? कोणाच्या नोकरीत, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या? पगार हातात किती? भविष्यनिर्वाह निधी कापला जातो काय? हे विचारले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात.

मित्रांनो, ही न विचारण्याची सवय किती महाग पडते, हे मी दुसऱ्याच्या घरातून शिकलो नाही. माझ्याच घरातून शिकलो. ती गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण आज सांगतो.

२०१४ सालची गोष्ट. माझा भाचा दहावी पास होऊन दोन-तीन वर्षे इकडेतिकडे काम करीत होता. एका एजंटाने त्याला आखातात कामाची ऑफर आणून दिली. हॉटेलात वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीला मदतनीस, राहणे-जेवणे फुकट. मागणी होती एक लाख चाळीस हजारांची. माझी आपा कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "भाई, तू शिकलेला माणूस. बघ जरा, ठीक आहे ना?" मी त्या दिवशी घाईत होतो. कागद उलगडलासुद्धा नाही. म्हणालो, "आपा, अल्लाहचं नाव घे आणि पाठव पोराला. इथं राहून काय करणार आहे?" आपाने बांगड्या मोडल्या.

कागद उलगडला असता तर दिसले असते, की व्हिसा नोकरीचा नव्हताच, भेटीचा होता. पोराला तेथे गोदामात माल उचलायला लावले. पहिल्या महिन्याचा पगार अर्धा मिळाला, पुढचे महिने तोंडी हिशेबात गेले. चार महिन्यांनी तो परत आला. माझ्याशी भांडला नाही. आपाही भांडली नाही. ईदच्या दिवशी तिचे हात पाहिले आणि मला शिरखुर्मा गोड लागला नाही. रविवारचे माझे बसणे त्यानंतर सुरू झाले.

आता त्या प्रकरणात कोणती माहिती आम्हाला हवी होती? ती काही गुप्त नव्हती. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेली असली पाहिजे. तो नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. उमेदवाराकडून किती सेवाशुल्क घ्यावे याला नियमाने मर्यादा आहे. २०१७ पासून ती ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढी आहे, आणि २०१४ साली ती याहूनही कमी होती. आणखी एक गोष्ट कित्येकांना ठाऊक नसते. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर तपासणीची अट पडत नाही. आपण ती सवलत समजतो. पण जो दहावी नापास आहे, त्याचे नोकरीचे कागद आखाती देशांत जाण्यापूर्वी सरकारी अधिकारी पाहतो, त्याचा विमा उतरवावा लागतो. दहावी पास मुलाचे कागद त्याच्या घरच्यांनाच तपासावे लागतात. आमच्या घरी ते कोणी तपासले नाहीत.

आपल्या कोकणी मुसलमानांत दर्यावर जाण्याची परंपरा फार जुनी. अजूनही मुले जहाजावर जायचे म्हणतात. त्यांनाही हेच सांगणे. जहाजावर भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असला पाहिजे, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे नियमाला धरून नाही. जो पैसे मागतो, तो त्या मागणीनेच आपली ओळख पटवून देतो. विमानतळाचेही तसेच. कोणी चिठ्ठी दाखवून 'अनामत भरा, पास काढून देतो' म्हणाला, तर उठून घरी या.

इथवर फसवणुकीपासून बचावाचे झाले. पण मार्गदर्शनाचे खरे काम त्याच्या पुढचे आहे.

या शास्त्राची सुरुवात अमेरिकेत झाली. १९०८ साली बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी गरीब व परदेशांतून आलेल्या तरुणांसाठी एक लहानसे मार्गदर्शन केंद्र काढले. त्यांचे म्हणणे तीन पायऱ्यांचे होते. पहिली, स्वतःला ओळखा. आवड काय, कुवत किती, अडचणी कोणत्या. दुसरी, कामाची माहिती घ्या. त्याला शिक्षण किती लागते, कष्ट किती, मिळकत किती, पुढे वाव किती. तिसरी, या दोहोंचा शांतपणे मेळ घाला. शंभरावर वर्षे झाली, पण रविवारच्या खोलीत मला अजून या तीन पायऱ्यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

आपण मात्र चौथीच पायरी आधी चढतो. ती म्हणजे शेजाऱ्याचा मुलगा काय करतो ते पाहणे. आठवून पाहा. या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या महाराष्ट्रात डी.एड.ची केवढी लाट होती! मुलीने डी.एड. केले की शिक्षिकेची नोकरी नक्की, असे धरून कित्येक घरांनी कर्ज काढून प्रवेश घेतले. गावोगाव विद्यालये निघाली. मग २०१२ पासून शिक्षकभरती कित्येक वर्षे जवळजवळ थांबली, २०१३ पासून पात्रता परीक्षाही आली, आणि पदविका हातात घेऊन हजारो मुलामुली घरी बसल्या. त्या मुली हुशार होत्या. शिक्षकी पेशाही थोर आहे. चूक एवढीच, की एका दारापुढे सारा गाव रांग लावून उभा राहिला आणि दुसरे दार कोणी पाहूनच ठेवले नाही.

म्हणून बाजार अनिश्चित असला की मी मुलांना एकच कसोटी सांगतो. जे शिकणार आहात, त्याला दारे किती आहेत ते मोजा.

माझ्या भाच्याचेच पुढे सांगतो. परत आल्यावर तो सहा महिने कोणाशी बोलत नव्हता. मी त्याला घेऊन बसलो. या वेळी मी बोललो कमी, विचारले जास्त. तो म्हणाला, "मामू, मला यंत्र उघडून बघायला आवडतं. गोदामात पण शीतगृहाचं यंत्र बंद पडलं की मी बघत उभा राहायचो." त्याला वाटत होते की आता आपले वय गेले. तेविसाव्या वर्षी आयटीआयला प्रवेश मिळतो, हेच त्याला ठाऊक नव्हते. प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला, शिकाऊ उमेदवारी केली. आज बंदराजवळ मासे व फळे ठेवायच्या शीत कंटेनरांच्या दुरुस्तीवर तो काम करतो. हे काम उद्या गेले तर? तर शीतगृहे आहेत, इस्पितळे आहेत, मॉल आहेत, औषधांचे कारखाने आहेत, विमानतळही आहे. एक कारखाना बंद पडला म्हणून कसब बंद पडत नाही, जर ते कसब पाच ठिकाणी चालणारे असेल. वीजतंत्री, संधाता, जोडारी, परिचारिका, हिशेबनीस, ही सारी अशी अनेक दारांची कामे आहेत.

मुलींच्या बाबतीत एक शब्द. मुलगी मार्गदर्शनाला येते तेव्हा बरोबर बहुधा अम्मी असते, आणि पहिला प्रश्न असतो, "लांब जावं लागेल का?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. घराची अडचण ही खरी अडचण आहे. पार्सन्स साहेबांच्या पहिल्या पायरीतच ती येते. पण तिचेही उत्तर माहितीत असते. एका मुलीला औषधनिर्माणशास्त्राची पदविका घ्यायची होती आणि घरचे नको म्हणत होते. त्यांना वाटत होते, शिक्षण मुंबईलाच. नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर तांत्रिक संकुल आहे आणि तेथे औषधनिर्माणशास्त्र शिकवतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. नकाराच्या मागे पुष्कळदा हट्ट नसतो, अज्ञान असते.

आता मार्गदर्शनाच्या मर्यादा. त्या लपवल्या तर मीही त्या एजंटाच्या पंक्तीत बसेन. मार्गदर्शनाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत. शंभर जागांना दहा हजार अर्ज आले, तर उत्तम मार्गदर्शनानेही नऊ हजार नऊशे परतच येणार. पूर्वी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे पत्राची वाट पाहत. १९५९ च्या कायद्याने मालकावर बंधन होते ते रिक्त जागा कळवण्याचे. तेथूनच माणूस घेण्याचे नव्हते. हे ठाऊक नसल्याने कित्येकांची उमेदीची वर्षे वाट पाहण्यात गेली. आज नोंदणी संगणकावर होते. राज्याचे महास्वयम आहे, केंद्राची २०१५ साली सुरू झालेली राष्ट्रीय करिअर सेवा आहे. नाव जरूर नोंदवा, पण नोंदवून हातावर हात ठेवून बसू नका.

दुसरी मर्यादा आपल्या समाजापुरती. २००६ साली न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल आला. देशात मुसलमानांची लोकसंख्या १३.४ टक्के आणि भारतीय प्रशासकीय सेवेत ते सुमारे ३ टक्के, असे चित्र त्यात होते. या आकड्यांमागे गरिबी आहे, अपुरे शिक्षण आहे, आणि नाव वाचून बाजूला ठेवलेले अर्जही आहेत. हे मी नाकारत नाही. रविवारी कोणी मुलगा विचारतो, "सर, आमचं नाव बघूनच नाही म्हणतात, मग शिकून काय उपयोग?" त्याला मी खोटा दिलासा देत नाही. मी म्हणतो, "बेटा, काही ठिकाणी तसं होईल. तिथं दाद मागू. पण जिथं घेणार होते, तिथं तू अर्जच केला नाहीस, असं तर नाही ना?" आणि पुष्कळदा असे आढळते, की त्याने जाहिरात पाहिलीच नव्हती, किंवा मुदत संपल्यावर पाहिली, किंवा जातीचा, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढलेला नव्हता. आपल्यातील कित्येक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात, हे त्या घरांनाच माहीत नसते.

म्हणून संस्थेला माझी हात जोडून विनंती आहे. आपण शाळा चालवता, शिष्यवृत्त्या देता. त्याच्या जोडीला एक कायमचा मार्गदर्शन कक्ष काढा. त्याला इमारत लागत नाही. एक खोली, एक संगणक, एक फळा. फळ्यावर दर आठवड्याला भरतीच्या जाहिराती व शेवटच्या तारखा. एक वही, आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, त्याने काय ठरवले, आणि वर्षाने त्याचे काय झाले. कारण ज्या सल्ल्याचा पाठपुरावा होत नाही तो सल्ला नव्हे, ती गप्पा. आपले माजी विद्यार्थी बंदरात आहेत, तळोजाच्या कारखान्यांत आहेत, कळंबोलीच्या पोलाद बाजारात आहेत, आखातात आहेत. त्यांनी महिन्यातून एक तास द्यावा आणि आपल्या कामाचे खरे वर्णन करावे, पगारासकट आणि त्रासासकट. आणि ज्या घरात कामाचे किंवा परदेशाचे कागद आले असतील, त्या घराने पैसे भरण्यापूर्वी ते या खोलीत वाचून घ्यावेत. एवढे झाले तरी पुष्कळ बांगड्या हातात राहतील.

हे आपल्याला झेपणार नाही असे म्हणू नका. मुंबईत स्वातंत्र्याच्या आगेमागे, सरकारने हे काम हाती घेण्यापूर्वी, पारशी पंचायतीने आपल्या तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचे काम सुरू केले होते. तो समाज संख्येने किती लहान! त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. १९५० च्या सुमारास मुंबई सरकारचे मार्गदर्शन कार्यालय निघाले. आपल्यालाही कोणाची वाट पाहायचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला शेवटी एकच सांगतो. विचारायला लाजू नका. 'मला माहीत नाही' हे वाक्य जो वेळेवर बोलतो, त्याला पुढे 'मला माहीत नव्हते' असे म्हणावे लागत नाही. आणि पालकहो, मुलाने विचारले तर माझ्यासारखी घाई करू नका. कागद उलगडा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडे न्या.

रविवारी सकाळी दहा ते एक मी खोलीत असतो. चहा माझा, कागद तुमचे.

 एवढे बोलून आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद. जय महाराष्ट्र.